सोड्याचं पाणी

१

कुलूप शाबूत होतं, कडीवर साधा ओरखडा नव्हता, आणि आतलं टेबल मात्र रिकामं होतं.

भिंगकाकांनी ताडपत्री उचलली, झटकली, जागेवर टाकली आणि पुन्हा उचलली. काल दुपारी त्यांनी स्वतःच्या हातांनी फुटका नळ इथं झाकून ठेवला होता. हातभर लांब, कोपरासारखा वाकलेला, जाड स्टीलचा, मधोमध फाटलेला. उचलायला दोन हात लागावेत एवढा जड. तो काही उंदरानं नेला नसणार.

टेबलावर त्यांची स्टीलची पट्टी होती, विजेरी होती, रुमालसुद्धा घडी घातलेला तसाच होता. नळ नव्हता, आणि नळाखाली ठेवलेली कागदाची पुडीही नव्हती. नळाच्या आतून खरवडलेली चिमूटभर पांढरी भुकटी त्या पुडीत होती. कारखान्यात शिकलेला पहिला धडा असा, की नळाच्या आतलं काहीही जिभेला लावायचं नाही, डांबराचं विष असतं. म्हणून ती आज लॅबमध्ये तपासायला द्यायची होती. काकांनी कालच तिकडं तसं कळवलंही होतं.

पस्तीस वर्षं याच कारखान्यात धातूंची तपासणी करताना त्यांच्या गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग असायचं. निवृत्त झाले, दोरी बदलली, भिंग आणि नाव तेच राहिलं.

कारखाना कोळशाचा. पण इथं कोळसा जाळत नाहीत, शिजवतात. त्याचा पिठासारखा चुरा करून वाफेबरोबर भट्टीत सोडायचा, त्याचा गॅस करायचा, थोडा गॅस शहराला द्यायचा आणि उरलेल्याचं पुढं तेल. ऐकायला सोपं वाटतं. खरं कसब आहे ते हा गॅस सोसणारा नळ टिकवण्यात. उष्णता त्याला मऊ करते, राख आतून घासते, हायड्रोजन अंगात मुरतो, गंधक वरचा थर खातो. एकावर उपाय काढावा तर दुसरं डोकं वर काढतं. भिंगकाका म्हणायचे, "धातूला इथं रोज चौघं मारायला उठतात, आणि आपण एकटे मध्ये पडतो."

चार दिवसांपूर्वी एक नंबरच्या लाइनीचा हा कोपरा फुटला, आणि त्याच्याखाली उभा असलेला सफाई टोळीचा मुकादम जागच्या जागी गेला.

"नाही ना सापडत? मग राहू दे," मॅनेजर दारातूनच म्हणाले. चार दिवसांत माणूस निम्मा झाला होता. "काका, तुम्ही काल पाहिलाय ना तो? जोडाजवळ फुटला. वेल्डिंग कच्चं. तेवढं लिहा आणि सही करा."

"जोडाजवळ फुटला, पण जोडात नाही. जोड धडधाकट होता."

"मग?"

"तडे जोडापासून लांब पळत होते. एकातून दोन, दोनातून चार. रोपटं उपटलं की मुळं दिसतात ना, तसे. नळ झिजला नव्हता, पातळ झाला नव्हता. ओला असताना त्याला काहीतरी चावलंय."

"काहीतरी म्हणजे काय?"

"ते सांगायलाच नळ हवा होता."

मॅनेजरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "दोन नंबरची लाइन आज अर्ध्या दाबावर चालू आहे. उद्या चारला पूर्ण दाब देणार. अर्ध्या शहराच्या चुली, दवाखान्याचं गरम पाणी, सगळं त्या एका नळावर आहे. तुमच्या 'काहीतरी'साठी मी ती बंद करू?"

दोन्ही लाइनी जुळ्या होत्या. एकाच दिवशी बसवलेल्या, एकाच दिवशी उघडलेल्या, आणि अठरा दिवसांपूर्वी एकाच टाकीच्या पाण्यानं धुतलेल्या. दोन नंबरच्या लाइनीखाली रोज अकरा माणसं काम करत होती.

"शेडच्या किल्ल्या कुणाकडं असतात?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडं, स्टोअरमध्ये आणि लॅबमध्ये." मॅनेजर वळता वळता थांबले. "लॅब म्हणजे तुमचे जावईच की."

२

वेल्डरबाई वर्कशॉपच्या पायरीवर पाय पसरून बसल्या होत्या. चौकशी होईपर्यंत त्यांचं काम बंद होतं. सव्वीस वर्षं हातात धरलेला वेल्डिंगचा होल्डर काढून घेतल्यावर आता त्या हातांचं काय करावं, हे त्यांना कळत नव्हतं.

"या काका. फाशीची तारीख सांगायला आलात?"

"तुमचा जोड चांगला होता. मी पाहिलाय."

"लिहून द्या मग."

"नळ चोरीला गेला."

वेल्डरबाईंनी आधी त्यांच्याकडं बघितलं, मग मोठ्यानं हसल्या. ते हसू ऐकवेना. "वा! म्हणजे माझा साक्षीदारच पळवला. आता सांगा, मी पळवला म्हणून. किल्ली नाही माझ्याकडं, पण माझं काय, मी कुलूपसुद्धा वितळवीन!"

"तुम्ही कशाला न्याल? तो तर तुमच्या बाजूनं बोलत होता."

हे ऐकल्यावर त्यांचा आवाज एकदम बसला. "मुकादमानं मला ताई म्हणायचं कधी सोडलं नाही. माझ्या जोडानं तो गेला, असं कागदावर आलं तर मी जेवू कशी, सांगा."

काका शेजारी टेकले. लाइनी धुतल्या तो दिवस आठवतो का, असं त्यांनी विचारलं.

या कामाची रीत सगळ्यांना पाठ होती. गॅसमधलं गंधक नळाच्या आत काळा थर होऊन बसतं. नळ उघडला, की हवा आणि ओल मिळून त्या थराचं आम्ल होतं आणि ते स्टीलला चावतं. म्हणून उघडण्याआधी नळातून धुण्याच्या सोड्याचं पाणी फिरवायचं. सोडा आम्लाला मारतो. टाकीत चार गोण्या सोडा कालवायचा, लॅबनं पाणी तपासायचं, मगच मुकादमानं पंप चालू करायचा. बारा वर्षांत कधी चूक झाली नव्हती.

"सगळं नेहमीसारखंच होतं," वेल्डरबाई म्हणाल्या. "मुकादम वर चढून ओरडत होता, आम्ही खालून त्याला चिडवत होतो. पंप बंद झाल्यावर टाकीत उरलेल्या कोमट पाण्यात सगळ्यांनी कपडे बुडवले. मीही माझा एप्रन बुडवला. पण हल्ली कशातच दम राहिला नाही काका, सोड्यातसुद्धा. तेलाचा डाग हलला नाही."

काका उठले, तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"एक विचारू? तुमचे जावई दोन दिवस माझ्या नजरेला नजर देत नाहीत. मी काय केलंय त्यांचं?"

३

स्टोअरकीपरला सगळे 'कुलूप' म्हणायचे. खिळा मागितला तरी तो आधी जुना खिळा दाखवा म्हणायचा. त्याच्या स्टोअरमध्ये मांडणी अशी, की डोळे बांधून कुणीही वस्तू काढावी.

"सोडा तिकडं, मीठ इकडं," कुलूप हात दाखवत म्हणाला. मीठ लागायचं ते बॉयलरचं पाणी मऊ करायच्या यंत्राला. "त्या दिवशी सोड्याच्या चार गोण्या दिल्या. मुकादमानं स्वतः हातगाडीवरून नेल्या. पाचवी मागितली असती तर दिली नसती."

"गोण्या फुटतात का कधी?"

"सोड्याच्या नाहीत. जाड कापडाच्या असतात, दोनदा शिवलेल्या. मिठाच्या मेल्या कागदी! जरा ओल लागली की फुटल्याच. पण माझ्या स्टोअरमध्ये फाटकी गोणी दिसली तर मिशी उतरवीन. फुटली की माल लगेच चांगल्या गोणीत. कण वाया जाऊ देत नाही, काका. रिकाम्या गोण्यासुद्धा घडी करून ठेवतो, बघा."

काकांनी बघितलं. घड्या खरंच सुरेख होत्या.

"शेडची किल्ली तुझ्याकडं असते."

कुलूपचा चेहरा पडला. त्यानं कमरेचा जुडगा काढून काकांच्या हातात ठेवला. "असते. पण तुम्हीच सांगा, फुटका नळ चोरून मी ठेवणार कुठं? माझ्याकडं प्रत्येक वस्तूला जागा आहे, त्याला नाही." मग हळूच म्हणाला, "मुकादम गेला त्या दिवसापासून मी जेवणाचा डबा परत नेतोय. आम्ही एकत्र जेवायचो."

बाहेर आल्यावर काका उन्हात उभे राहिले. चोरानं पट्टी ठेवली, विजेरी ठेवली, रुमालसुद्धा ठेवला, आणि फाटक्या कागदाची पुडी तेवढी नेली. कुलूपला ती पुडी म्हणजे कचरा वाटला असता. मॅनेजरांचं तिकडं लक्षही गेलं नसतं. त्या चिमूटभर भुकटीची किंमत कळायला माणूस वेगळा लागतो.

लॅबचा जिना चढताना त्यांना धाप लागली. एरवी लागत नसे.

४

"बाबा, बसा ना. पाणी देऊ?"

जावई उभाच होता. सरळ, मितभाषी माणूस. चौदा वर्षांपूर्वी लेकीनं त्याचं नाव काढलं तेव्हा काकांनी एकच प्रश्न विचारला होता, हा मोजमापात लबाडी करतो का? नाही, असं सगळ्या लॅबनं सांगितलं होतं. तेव्हा लॅबमध्ये पाच माणसं होती. आता दोन होती, आणि त्यातलं एक आजारपणाच्या रजेवर.

"जावईबापू, धुण्याच्या पाण्याची नोंद दाखवता?"

जावयानं वही काढली. पाणी तपासायची पद्धत साधी. कागदाची पट्टी बुडवायची, सोडा असेल तर ती निळी होते. ती वाळवून वहीत चिकटवायची, शेजारी तारीख आणि सही. काकांनी पानं उलटली. गेल्या वर्षीच्या पट्ट्या विटून राखाडी झालेल्या. सहा महिन्यांपूर्वीची जुन्या शाईसारखी. दोन महिन्यांपूर्वीची फिकट, कडा पिवळ्या. इथल्या हवेत गंधक असतं, कशाचाच रंग टिकत नाही. लेकीची चांदीची पैंजणंसुद्धा या गावात काळी पडली होती.

मग अठरा दिवसांपूर्वीची पट्टी आली. निळीशार.

काकांनी भिंग डोळ्याला लावलं आणि लगेच खाली केलं. बघायचं नव्हतं ते भिंगाशिवायही दिसलं होतं.

"पाणी ठीक होतं, बाबा," जावई म्हणाला. "पट्टी समोर आहे."

"दिसतेय."

"आणि ती पुडी आणणार होता ना आज?"

"पुडी गेली. नळाबरोबर."

"अरेरे," जावई म्हणाला आणि त्यानं वही मिटली. काकांना वाटलं, आपण जिन्यातूनच परत फिरायला हवं होतं. पण अकरा माणसं त्या लाइनीखाली होती, आणि पट्टी खोटी आहे एवढ्यानं पाण्यात काय होतं ते कळत नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मुकादमाच्या घरी गेले. तिथं जायला त्यांना पाच दिवस लागले होते. तपासाचं निमित्त नसतं तर कदाचित आणखी लागले असते.

दोन खोल्यांचं घर. खिडकीतून कारखान्याची चिमणी दिसायची. वहिनी खाटेवर बसल्या होत्या. मांडीवर मुकादमाचा निळा बॉयलर सूट होता, तेलानं काळवंडलेला, पायांवर पांढऱ्या रेघा उमटलेला.

"या भावजी. बघा तुमच्या मित्राचं धुणं," त्या म्हणाल्या. काकांना त्या नेहमी भावजीच म्हणायच्या. "दोन सूट होते. एक अंगावर होता तो... तो नाही मिळाला. हा राहिला."

"धुतला नाहीत?"

"तेच तर. त्यानं बाहेरून धुऊन आणला होता म्हणे! दर वेळी लाइनी धुतल्या की सगळी टोळी उरलेल्या पाण्यात कपडे धुते. सूट असा लख्ख यायचा, की मला साबण लागायचा नाही. या वेळी आणला तो असा. मी म्हटलं, याला धुणं म्हणतात? डबक्यात बुडवून आणलास की काय? तर हसला. म्हणाला, ठेव बाजूला, पुढच्या खेपेला पुन्हा बुडवतो." वहिनींनी सूट उचलून तोंडाशी धरला. "आता कसा धुऊ? याला त्याचा वास आहे."

काकांनी सुटाची लोंबणारी बाही उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"खारट लागतो," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"सूट. ओठाला लागला की खारट लागतो. पहिल्या दिवशी वाटलं, माझं रडणंच असेल. पण कालपासून डोळ्यांत पाणीच येत नाही हो, आटलंय. तरी खारटच."

भिंगकाका उठले. गुडघ्यांवर बसून त्यांनी सुटाच्या पायावरची पांढरी रेघ भिंगाखाली धरली. कापडाच्या वाकात बारीक दाणे चमकत होते. चौकोनी. धुण्याचा सोडा वाळून असा दाणा धरत नाही. आणि सोड्यानं तेल सुटलं असतं, वेल्डरबाईंचा एप्रनही निघाला असता.

कुलूपच्या घड्या त्यांना आठवल्या. जाड कापडाच्या, दोनदा शिवलेल्या गोण्या. फुटली की माल लगेच चांगल्या गोणीत.

"वहिनी," ते म्हणाले. "हा सूट अजून धुऊ नका." या जातीच्या स्टीलला सगळ्यात वाईट काय, तर मीठ. मिठाचं पाणी आत राहिलं, वरून ताप मिळाला, की तडे मुळांसारखे पसरतात, आणि बाहेरून नळ नव्यासारखा दिसतो.

दुसरी लाइन त्याच पाण्यानं धुतली होती. घड्याळात साडेअकरा झाले होते.

६

जावई लॅबमध्ये एकटाच होता. काकांनी दार लावून घेतलं.

"पट्टी कधी बुडवलीत?"

"धुण्याच्या दिवशीच, नोंद आहे."

"जावईबापू, इथं आठ दिवसांत रंग विटायला लागतो. तुमची पट्टी काल लग्नाला निघाल्यासारखी सजली होती. पुडीचं मी या लॅबशिवाय कुणालाही बोललो नव्हतो. आणि ज्यानं ती नेली त्याला भुकटी म्हणजे काय ते कळत होतं."

जावई खुर्चीवर बसला नाही, सांडला.

"त्या दिवशी भट्टीचे तीन नमुने एकदम आले होते," अखेर तो म्हणाला. "मी एकटा होतो. मुकादमानं खालून हाक मारली, बघून घे रे पाणी. मी खिडकीतून हात केला. म्हटलं, ठीक आहे, चालू कर. बाबा, बारा वर्षं निळीच यायची. मी सही आदल्या दिवशीच करून ठेवली होती. पट्टी नंतर लावू म्हटलं."

"आणि लावलीत."

"तो गेल्यावर. साबणाच्या पाण्यात बुडवून."

"नळ कुठाय?"

"भट्टीखालच्या रसात टाकला. पुडीपण." भट्टीखाली वितळलेली राख लाव्ह्यासारखी वाहते, तिच्यात पडलेलं परत येत नाही. जावयानं तोंड ओंजळीत घेतलं. "फुटला तेव्हा वाटलं, मी एकट्यानं मारला त्याला. पाण्यात काय होतं ते मला आजही माहीत नाही. फक्त मी बघितलं नाही, एवढं माहीत आहे."

"मीठ होतं."

जावयानं वर बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काकांना काहीतरी वेगळंच दिसलं. सुटकेसारखं.

"मॅनेजरांकडं चला," काका म्हणाले. "आत्ता."

"तिला आधी सांगू?"

लेकीचा प्रश्न काकांनी सकाळपासून बाजूला सारला होता. "मी सांगीन," ते म्हणाले. कसं सांगणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

७

मॅनेजरांनी सगळं ऐकून घेतलं. कुलूपला बोलावलं. तो आधी उसळला, मग एकेक आठवत गेला. मागच्या महिन्यात छत गळलं होतं. मिठाच्या सहा कागदी गोण्या फुटल्या होत्या. सहा रिकाम्या सोड्याच्या गोण्यांत त्यानं ते भरलं होतं, आणि गळतीपासून लांब म्हणून सोड्याच्या बाजूला लावलं होतं.

"पण वर खडूनं लिहिलं होतं! मोठ्या अक्षरात, मीठ म्हणून!" तो म्हणाला. मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. ज्या ओलीनं गोण्या फोडल्या, ती खडू ठेवणार होती थोडीच?

"म्हणजे अंदाज," मॅनेजर म्हणाले. "हा म्हणतो मीठ गेलं असेल. हे म्हणतात तपासलं नाही. न तपासलेलं पाणी चांगलंही असू शकतं. टाकी धुऊन टाकलीय, नळ नाही, पुडी नाही. काका, वरच्यांना मी काय दाखवू? शहर गारठवण्याआधी मला डोळ्यांना दिसेल असं काहीतरी द्या."

दोन वाजले होते. दाखवण्यासारखी वस्तू जगात एकच उरली होती, आणि ती एका बाईच्या मांडीवर होती.

काकांनी फोनवर वहिनींना सगळं सांगितलं. सूट पाण्यात पूर्ण भिजवावा लागेल, हेही सांगितलं.

"त्या लाइनीखाली किती माणसं आहेत, भावजी?"

"अकरा."

"येते."

त्या रिक्षानं आल्या. लॅबमध्ये वाफ गार करून मिळवलेलं बादलीभर शुद्ध पाणी तयार होतं. जावयानं सुटाला लावायला हात पुढं केला, तसं त्या म्हणाल्या, "तुम्ही नको." स्वतःच सूट तोंडाशी धरला, एक श्वास घेतला आणि पाण्यात सोडला. कोपरापर्यंत हात घालून दाबला, पिळला, पुन्हा दाबला. पाणी जरासं गढूळ झालं, बाकी काही नाही. तेल जिथल्या तिथं.

जावयानं पट्टी बुडवली. या वेळी सगळ्यांच्या देखत. ती निळी झाली नाही.

मग पाणी पसरट भांड्यांत ओतून चारी शेगड्यांवर ठेवलं. सव्वातीनला भांड्यांच्या तळाशी पांढरा थर धरला. काकांनी तो सगळा खरवडून काचेवर घेतला आणि भिंग मॅनेजरांच्या हातात दिलं.

"चौकोनी दाणे," मॅनेजर म्हणाले. "पण घामातही मीठ असतं."

"असतं. चिमूटभर. गळ्याला आणि काखेत." काकांनी काच तिरकी केली, दाणे घरंगळले. "हे ओंजळभर आहे, साहेब. एवढा घाम गाळायला मुकादमाला आणखी तीन जन्म लागले असते."

मॅनेजरांनी फोन उचलला तेव्हा चारला दहा कमी होते. "दोन नंबर खाली घ्या," ते म्हणाले. पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारलं. "नाही. पुन्हा कधी ते माहीत नाही."

८

लाइन गार व्हायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी काकांनी नळाच्या आत लाल रंग फासला, पुसला, वर पांढरी भुकटी फवारली. तड्यात शिरलेला रंग भुकटीवर उमटतो. अकरा कोपरे होते. नऊ कोपऱ्यांत लाल मुळं उगवली.

त्याला डागडुजी नव्हती. वेल्डिंगचा ताप लागला तर तडे आणखी पळाले असते. सगळी लाइन नवी हवी होती, आणि त्या जातीचा नळ यायला दहा महिने. कारखान्याच्या फाटकावर सूचना लागली. वेल्डरबाई ती वाचून काकांकडं आल्या.

"सुटलं माझं नाव," त्या म्हणाल्या. "आता जोडायला नळ कुठाय, तेवढं सांगा." त्यांनी नमस्कार केला आणि गेल्या.

जावयाला चौकशीला नेलं. कुलूपनं मिशी उतरवली. कुणी सांगितलं नव्हतं, मागितली नव्हती. लेक घरी आली, दप्तरांसह मुलांना आत पाठवलं आणि दारातच उभी राहिली. "बाबा, तुम्ही बरोबर केलंत," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिनं त्यांच्याशी बोलणं ठेवलं नाही.

काका धुण्याच्या सोड्याची पिशवी घेऊन वहिनींकडं गेले. बादलीतून काढलेला सूट त्या दिवसापासून पिशवीत ओलाच होता.

"मग दोष कुणाचा, भावजी?" वहिनींनी विचारलं. "मला कुणावर तरी चिडायचंय."

काकांनी मनात एकेकाचा हिशेब मांडला. एकानं कण वाया जाऊ दिला नाही. एकानं बारा वर्षांच्या सवयीवर भरवसा ठेवला. वरच्यांनी पाचांच्या जागी दोन माणसं ठेवली, आणि छत गळतं हे सांगणारे कागद चार वेळा वर जाऊन आले. मुकादमानं हाक मारली आणि खिडकीतला हात पुरेसा मानला, कारण हात ओळखीचा होता. आणि पंप चालू करण्याआधी पाणी दुसऱ्यानं पुन्हा तपासावं, असं काकांनी स्वतः, पस्तीस वर्षांत, कधी लिहून ठेवलं नव्हतं.

"मला नाही सांगता येत, वहिनी," ते म्हणाले.

वहिनींनी मान हलवली. उत्तर हेच येणार, हे त्यांना ठाऊक असावं. मग सोड्याच्या पिशवीकडं बोट केलं.

"हा खरा आहे?"

"मी तपासलाय. तीनदा."

वहिनींनी बादलीत गरम पाणी ओतलं, मूठभर सोडा टाकला, हातानं ढवळला. पिशवीतला सूट काढून एकदा नाकाशी नेला. आता त्याला कुबट ओलीशिवाय कसलाच वास उरला नव्हता. त्यांनी तो पाण्यात सोडला.

पहिल्याच बुडवणीला बादली काळीभोर झाली. तेल सुटून वर तरंगू लागलं. वहिनी थांबल्या नाहीत, चोळत राहिल्या. काकांचे हात गुडघ्यांवर पडून होते, त्यांना करण्यासारखं काहीच नव्हतं. थोड्या वेळानं कापडाचा मूळचा निळा रंग पाण्याबाहेर आला.

"बघा," वहिनी म्हणाल्या. "असा निघायचा."